डंपरच्या कॉलरमधली चिठ्ठी

तीर्थरूप मामा यांना,

वाकून नमस्कार. (याच्यापुढे दोन-दोन अक्षरांचं काहीतरी लिहायचं असतं, पण तो धडा नववीच्या पुस्तकात होता आणि मी आठवीतच शाळेला रामराम केला, त्यामुळे तेवढं तुम्ही मनातल्या मनात घालून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? गाडीत चढताना अजून कट्‌कन वाजतो का? मामींची कंबर कशी आहे? तुमच्या कुत्रीला पिल्लं झाली असं ऐकलं, किती झाली? सगळ्याची उत्तरं सावकाश द्या, घाई नाही. म्हणजे खरं सांगायचं तर उत्तरं मला आत्ता नकोच आहेत, आधी माझं ऐका. पण मोठ्यांना लिहिताना प्रकृती विचारल्याशिवाय मुद्द्यावर येऊ नये असं आई म्हणते, आणि ती इथं नसली तरी मागून वाचतेय असं मला वाटत राहतं.

मी खुशाल आहे असं लिहिणार होते. तसा ताप वगैरे काही नाही, पण सोमवारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. काल इस्त्री करताना मी टेबलाभोवती फिरत होते, तर लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, इस्त्री कपड्यावर फिरवायची असते, आपण इस्त्रीभोवती फिरायचं नसतं." हे पत्रही असंच तुकड्यातुकड्यानं लिहितेय. मोठ्या मशीनमध्ये हॉस्पिटलच्या चादरी टाकल्यात, चाळीस मिनिटं, त्यात जेवढं होईल तेवढं. फोन केला असता, पण तुम्ही फोन उचलला की स्पीकरवर टाकता, मग अख्खा एसटी डेपो "कोण, भाची का?" म्हणून विचारतो, आणि मी ठेवून देते. गेल्या महिन्यात तुम्हाला तीनदा राँग नंबर आला होता ना, तो मीच.

तर मुद्दा. तुम्हाला वाटत असेल मी अजून टीमचे कपडेच पोचवते. तुम्ही आला होतात तेव्हा तेवढंच होतं. आमची लाँड्री इथल्या दहा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉल टीमचे कपडे फुकट धुते (बदल्यात प्रत्येकाच्या पाठीवर लाँड्रीचं नाव, आणि नाव एवढं लांब की बारीक पोरांच्या पाठीवर मावत नाही, ते काखेत जाऊन संपतं), आणि टोपली घेऊन मैदानावर जायचं काम माझं. त्यांचे कोच होते नळदुरुस्तीवाले काका. ते कुणाच्या तरी बाथरूममध्ये वाकले ते वाकलेच, पाठ सरळच होईना. त्या संध्याकाळी मी टोपली घेऊन गेले तर पोरं हजर, आईवडील हजर, कोच नाही. एका आईनं मला विचारलं, "नवीन कोच तुम्हीच का?" आता मामा, नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि सात-आठ जण माझ्याकडे बघत होते. मी टोपलीत बघत राहिले. त्यांना वाटलं, मुलगी नम्र आहे. कुणीतरी माझ्या गळ्यात शिट्टी घातली. अशी मी कोच झाले, त्याला आता चार महिने होतील. (पहिले दोन आठवडे मी वाट पाहिली की कुणीतरी येऊन चूक झाली म्हणेल. कुणी आलं नाही. उलट नळवाल्या काकांनी अंथरुणातून शुभेच्छा पाठवल्या.)

फुटबॉल मला येतो तेवढा तुम्हीच शिकवलेला, मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून. पण टीमला माझा फुटबॉल नाही, माझा स्वभाव लागला. समोरून कुणी धावत आलं की आमची पोरं बाजूला सरकायची, दारात पाहुणा आला की आपण सरकतो तशी. बॉलपाशी दोघं एकदम पोचले की आमचा म्हणायचा, तुम्ही घ्या. एक मॅच आम्ही अकरा-शून्य हरलो आणि शेवटी समोरच्या टीमच्या आयांनी येऊन मला सांगितलं की तुमची मुलं किती गुणी आहेत हो. मला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण मी "बरं" म्हणाले.

यात दोन पोरं वेगळी, ती तुम्हाला नीट समजायला हवीत कारण पुढचा सगळा घोळ त्यांचा आहे. एक डंपर. वय नऊ, जर्सीचा नंबर नऊ, आणि रुंदी कपाटाएवढी. हा कुणाला वाट देत नाही, कारण त्याला वळताच येत नाही. एकदा निघाला की समोर जे येईल ते आडवं. मनात काही नसतं त्याच्या, बरं का. शाळेत त्याला सगळीकडे शेवटच्या बाकावर बसवतात, पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून. मैदान ही एकच जागा आहे जिथं त्याला पुढे उभं करतात, त्यामुळे प्रॅक्टिसला तो अर्धा तास आधी येऊन बसलेला असतो. दुसरी सॉरी. वय आठ, नंबर सहा, काडीपैलवान. खरं नाव आता तिच्या आईलाही आठवावं लागत असेल. ती सगळ्यांना सॉरी म्हणते. समोरच्याला, आमच्या पोरांना, आणि एकदा गोलच्या खांबाला. पण पाय असे चालतात तिचे की बॉल तिच्या बुटाला चिकटल्यासारखा राहतो, फक्त कुणी मागितला की ती तो देऊन टाकते.

म्हणून मी तुम्हाला, कोच मीच आहे हे न सांगता, विचारलं होतं की पोरांना जोर कसा शिकवायचा, आणि तुम्ही चार पानं लिहून पाठवलीत. (मशीन थांबलं. आले.)

आले. तर तुमची चार पानं. पंचाची पाठ वळली की शॉर्ट्सला कसं धरायचं, कॉर्नरच्या वेळी पायाच्या करंगळीवर टाच कशी ठेवायची, आणि बरगडीखाली कोपर, आकृतीसकट. मामा, रागावू नका, पण त्यातलं एक अक्षरही मी पोरांना सांगितलं नाही. एक तर शॉर्ट्सला धरायला शिकवलं तर समोरच्या टीमची पोरंही धरणार, आणि आमच्या शॉर्ट्सची इलास्टिकं मीच बदलते. आणि दुसरं असं की त्या कोपरापायी तुम्हाला दोन वर्षं मैदानाबाहेर बसवलं होतं ना. तुम्ही ती गोष्ट हसत सांगता. पण तुम्ही ती सांगायला लागलात की मामी उठून आत जातात, ते मी पाहिलंय.

मग शिकवायचं काय? दोन्हीकडून पंचाईत. "घाबरू नका" म्हटलं की डंपर दोघांना लोळवतो, "जपून" म्हटलं की सॉरी रेषेबाहेर जाऊन उभी राहते. एकच वाक्य दोघांना लागू पडेना. मला वाट सापडली ती चादरीत. मोठी चादर दोघींनी मिळून घडी घालायची असते. समोरचीनं सैल धरली तर सुरकुत्या जात नाहीत, आणि झटका मारला तर माझ्या हातून सुटून जमिनीवर, म्हणजे परत धुवा. तेव्हा दोघींनी मागं झुकून चांगली ताणायची, पण चादर समोरचीच्या हातात राहिली पाहिजे. मी म्हटलं, हेच की. मी फाटक्या चादरी बाजूला काढलेल्या त्यातल्या चार मैदानावर नेल्या आणि पोरांना जोड्यांनी ताणायला लावल्या. पहिल्या दिवशी सॉरीनं चादर सोडली आणि सॉरी म्हणाली. डंपरनं ओढली तर चादरीबरोबर जोडीदारही आला. पण दहा-बारा दिवसांत त्यांना अंदाज आला, बोलावं न लागता, मला हेच तर हवं होतं. मग खांद्याचं. दोघांनी बॉलमागे पळायचं, खांद्याला खांदा, आणि हातांनी आपल्याच जर्सीचं टोक धरून ठेवायचं, म्हणजे ढकलायला हात उरतच नाहीत. खांदा लावला तर चालतो. हात, कोपर, पाठीमागून, हे नाही. (चारांतल्या दोन चादरी फाटक्या नव्हत्या असं नंतर निघालं. मालकीणबाई त्यावर जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.)

तरी मॅचच्या आधी चार शब्द बोलावेच लागतात. पलीकडच्या टीमचे शिट्टीसर आहेत, ते मॅचच्या आधी वीस मिनिटं बोलतात, मॅचभर ओरडतात, मॅच संपल्यावर ओरडलेलं पुन्हा समजावून सांगतात, आणि मध्ये श्वास घ्यायला लागला की शिट्टी वाजवतात. आमच्याकडे मी पोरांना गोळा करायची, पोरं माझ्याकडे बघायची, मी बॉलकडे बघायची, आणि मग "बरं" म्हणायची. झाली सभा. पोरं पळायची.

मग मला सुचलं. लाँड्रीत प्रत्येक कपड्याला आम्ही खुणेची चिंधी लावतो, बोटभर पांढरी पट्टी, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं नंबर. मी तशाच पट्ट्यांवर प्रत्येकाला त्याची त्याची सूचना लिहिली आणि जर्सीच्या कॉलरच्या आत दोन टाके घालून लावून दिली. जर्सी घालायच्या आधी वाचायची आणि मग घालायची. गोलकीपरला लिहिलं, "बॉल आला की डोळे उघडे." एकाला, "गवत नंतर उपट." आणि मामा, खरंच फरक पडला. पुढची मॅच आम्ही बरोबरीत सोडवली. पोरं आल्या आल्या कॉलर उलटून बघायची, आज काय आलंय. डंपरला वाचायला वेळ लागतो, तो बोट ठेवून एकेक अक्षर जुळवतो, त्यामुळे मी त्याला थोडक्यात लिहायची. कुणाचं नाव चिठ्ठीवर घालत नसे, दुसऱ्यांनी वाचून हसू नये म्हणून. तिथंच माती खाल्ली.

गेल्या रविवारी शिट्टीसरांच्या टीमशी मॅच होती. सॉरीसाठी मी लिहिलं, "भिऊ नकोस. बॉल तुझा आहे. वाट देऊ नकोस, खांदा लाव. आज सॉरी म्हणायचं नाही, काही झालं तरी." डंपरसाठी लिहिलं, "सबुरीनं. कुणी पडलं तर थांब, हात दे, उठव." आता इंग्रजी सहा आणि नऊ. लाँड्रीत आम्ही या दोन आकड्यांखाली नेहमी रेघ मारतो, गेली दोन वर्षं रोज मारतेय, कारण कपडा उलटा ठेवला की सहाचा नऊ होतो. टीमच्या जर्सीवर रेघ नाही. टेबलावर दोन्ही जर्सी घडी करून उलट्या पडलेल्या, दोन्हींच्या कॉलरी माझ्याकडे, हॉस्पिटलची गाडी दारात हॉर्न वाजवतेय, मालकीणबाई ओरडतायत. मी टाके घातले आणि टोपली भरली.

(पुन्हा मशीन. या वेळी पळत जाऊन पळत आले, कारण आता जे लिहायचंय ते लवकर लिहून संपवायचंय.)

मॅच सुरू झाली आणि पहिली पाच मिनिटं मला वाटलं, वा. डंपर असा खेळत होता की बघत राहावं. दोन्ही हातांनी जर्सीचं टोक धरलेलं, खांद्याला खांदा, समोरचा पोरगा गवतात आणि बॉल डंपरकडे. साफ. पंचांनीही फाउल दिला नाही. फक्त एरवी डंपर कुणी पडलं तर निदान मागं वळून तरी बघतो, तर आज बघेना. ओठ असे आवळलेले की जणू तोंडात पाणी धरलंय. दुसरा पडला, तोही साफच. आणि तिकडे सॉरी. मामा, तिनं अख्ख्या मॅचमध्ये बॉलला पाय लावला नाही. डंपर पाडत पुढे जायचा आणि ही मागून एकेकाला हात देऊन उठवत यायची, गुडघे झटकून द्यायची, मग पुढच्याकडे. एकाची बुटाची नाडी बांधली. शिट्टीसरांचा एक पोरगा नुसता दमून बसला होता, त्यालाही तिनं उठवलं. शिट्टीसर ओरडत होते, "अरे ती टीम कुणाची आहे?" मला काहीच उलगडेना. म्हणजे थोडंसं उलगडायला लागलं होतं.

तिसरा मात्र चुकला. शिट्टीसरांचा जो बारका कॅप्टन आहे तो पुढे पळत होता आणि डंपरचा खांदा त्याच्या पाठीत बसला, मागून. पोरगं तोंडावर आपटलं, ओठ फुटला. पंचांनी शिट्टी मारली, डंपरला बोलावलं, म्हणाले, "सॉरी म्हण त्याला." डंपर गप्प. पंच म्हणाले, "अरे, सॉरी म्हण." डंपरच्या डोळ्यांत पाणी आलं पण ओठ हलेनात. एका शब्दानं मिटलं असतं. शिट्टीसर मैदानात घुसले, "बघा, मग्रुरी बघा पोराची." तेव्हा डंपरनं काय केलं, तर कॉलर उलटी केली आणि पंचांना दाखवली, आणि म्हणाला, "कोचनी लिहून दिलंय." खोटं नाही हो, खूप विश्वासानं म्हणाला, दुकानातली पावती दाखवावी तसं.

पंचांनी वाचलं. शिट्टीसरांनी वाचलं, मोठ्यानं, म्हणजे पलीकडच्या रस्त्यापर्यंत. "वाट देऊ नकोस. आज सॉरी म्हणायचं नाही, काही झालं तरी." सगळे आईवडील माझ्याकडे बघायला लागले. मी टोपलीत बघितलं. डंपरला बाहेर काढलं, ती चिंधी पंचांनी कात्रीनं कापून पाकिटात घातली, आणि मॅच आम्ही दोन-शून्य जिंकलो. चार महिन्यांतली पहिली. एकानंही टाळी वाजवली नाही. परत जाताना सॉरी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मी सगळ्यांना उठवलं, बरोबर ना?" मी बरोबर म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

सोमवारी फुटबॉल समितीचे सेक्रेटरी लाँड्रीत आले. (एरवी त्यांचं चपलांचं दुकान आहे, त्यामुळे ते बोलताना आपल्या पायांकडे बघतात, आणि मीही पायांकडेच बघते, त्यामुळे तसं आमचं जमतं.) ते म्हणाले, शनिवारी चार वाजता समितीच्या खोलीत बैठक आहे, शिट्टीसरांची लेखी तक्रार आहे, आणि पुरावाही लेखीच आहे. पाठीमागून धक्का आणि माफीला नकार, दोन्ही मिळून डंपरला वर्षभर बंदी घालायची म्हणतात. वर्षभर. काल प्रॅक्टिसला तो नेहमीसारखा अर्धा तास आधी आलेला. सांगून ठेवलंय की बसायचं, खेळायचं नाही. तो रेषेबाहेर बसला आणि मला म्हणाला, "कोच, मी सगळं वाचलं होतं. एक पण शब्द सोडला नव्हता."

म्हणून झोप नाही, जेवण नाही, आणि मालकीणबाईंच्या इस्त्रीच्या टेबलाभोवती फेऱ्या. शनिवारी कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की पोरानं सांगितलं तेच केलं, चिठ्ठी चुकीच्या कॉलरमध्ये गेली. चार वाक्यं आहेत. मी पाठ केली आहेत. भिंतीला सांगते तेव्हा बरी येतात. माणसांना सांगायची म्हटली की पहिल्याच शब्दाला मी बघायला टोपली शोधते. आपण लहानाचे मोठे झालो ते कशासाठी, असं वाटतं. (हे वाक्य कुठून आलं माहीत नाही. खोडत नाही, शाई पुसत नाही.)

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, पिल्लांना बोटभर प्रेम. गुडघ्याला गरम पाण्यानं शेकत जा.

तुमची भाची

ता. क. मामा, आता खरं सांगते. सेक्रेटरींनी विचारलं होतं की हे असलं लिहायला तुला कुणी शिकवलं. मी पायांकडे बघत होते. ते म्हणाले, "कुणी मोठं माणूस आहे का मागे?" मी मान हलवली, म्हणजे नाही अशी, पण ती कशी हलली कोण जाणे. ते म्हणाले, "वडील?" मी पुन्हा हलवली. "काका? मामा?" तोवर मान आपोआपच हलत होती. त्यांच्या वहीत आता "मुलीच्या मामांच्या सल्ल्यावरून" असं लिहिलंय. तेव्हा तुम्ही शनिवारी चारच्या आत या आणि माझ्याऐवजी बोला. तुम्हाला चारचौघांत बोलायची सवय आहे, चालत्या गाडीत साठ माणसांना "पुढे सरका" म्हणता. पांढरा शर्ट घाला. डंपरचं सांगा, दोन धक्के साफ होते आणि तिसरा चुकला असं सांगा, आणि तुमच्यावरच्या दोन वर्षांच्या बंदीचा विषय काढू नका. पत्र उद्या गुरुवारी हॉस्पिटलच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांकडे देते, ते तुमच्या डेपोवरूनच जातात.

ता. क. दुसरा. शनिवार, संध्याकाळ. येऊ नका. म्हणजे तुम्ही आलाच नाहीत. मी पावणेचारपर्यंत समितीच्या दारात उभी, येणारी प्रत्येक गाडी बघतेय, तर हॉस्पिटलची गाडी आली आणि ड्रायव्हरकाकांनी हेच पत्र माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "तुझ्या मामाची ड्युटी बदलली, सोमवारपर्यंत लांब पल्ल्याच्या गाडीवर आहे." मी तिथूनच परत फिरणार होते. दोन पावलं फिरलेही. पण आत डंपर बसलेला दिसला, मोठ्या माणसांच्या खुर्चीवर, पाय लोंबकळतायत, आंघोळ करून केस चापून बसवलेले.

आत टेबल, त्यावर पाकिटातून काढलेली माझी चिंधी, चार माणसं, शिट्टीसर वेगळे. सेक्रेटरींनी चिठ्ठी वाचली, डंपरला विचारलं, "हे वाचून तू तसं केलंस?" तो म्हणाला, "हो." डंपरची आई (ती रात्रपाळीची नर्स आहे, तशीच ड्युटीवरून आलेली, डोळे तांबारलेले) म्हणाली, "साहेब, माझा मुलगा लिहिलेलं वाचून तसं वागला. शाळेत तीन वर्षं हेच सांगतायत त्याला." शिट्टीसर म्हणाले, "मुद्दा तो नाही, मुद्दा असा की ज्या मामांनी हे शिकवलं ते मामा कुठं आहेत?" आणि सगळ्यांनी दाराकडे बघितलं, तुम्ही याल म्हणून.

मामा, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मामी उठून आत जाताना दिसल्या. मी म्हटलं, तुम्ही तिथं नाही, आणि तरी तुमच्यावर दुसरी बंदी बसतेय, न खेळता. मी उभी राहिले. पाठ केलेली चार वाक्यं कुठं गेली माहीत नाही. मी म्हणाले, "मामांचा काही संबंध नाही. अक्षर माझं आहे." एवढंच आलं. मग मी म्हणाले, "पहिले दोन धक्के साफ होते, तिसरा चुकला. सॉरी म्हणू नकोस हे मी दुसऱ्या मुलीला लिहिलं होतं, ते याच्या कॉलरमध्ये गेलं. सहाचा नऊ झाला. हा सांगितलं तेच करतो, म्हणून नीट सांगणं माझं काम होतं." एका सभासदांनी विचारलं, "कोणती दुसरी मुलगी?" मागच्या बाकावरून उठून सॉरी म्हणाली, "सॉरी." सगळे हसले. शिट्टीसरही, पण लगेच थांबले. नंतर म्हणाले, "दोन साफ होते हे खरं आहे, ते मी तेव्हाही बघितलं होतं. पण ओठ कुणाचा फुटला?" तेही खरंच आहे.

डंपरवरची बंदी टळली. एक मॅच बसायचं, तिसऱ्या धक्क्यासाठी, आणि त्या बारक्या कॅप्टनच्या घरी जाऊन माफी मागायची. तो तिथल्या तिथं उठून शिट्टीसरांना, पंचांना, सेक्रेटरींना आणि दारात चहा घेऊन आलेल्या माणसालाही सॉरी म्हणून आला, इतके दिवस साठलेलं. आणि मला तीन मॅचना मैदानात यायला बंदी. मी कुंपणाबाहेरून कोच करायचं, आणि खेळाडूंना काहीही लेखी द्यायचं नाही, हे त्यांनी वहीत लिहून खाली रेघ मारली. मी कुंपण मोजून आले. रेषेपासून चाळीस पावलं आहे. तिथून पोरांना काही सांगायचं तर ओरडावंच लागणार.

ता. क. तिसरा. हे पत्र आता सोमवारच्या गाडीनं येईल. तुम्ही पुढच्या रविवारी या. बोलायला नको, नुसते कुंपणापाशी माझ्या शेजारी उभे राहा. ओरडणार मी. सुकवणीच्या खोलीत दार लावून दोनदा ओरडून बघितलं, पहिल्यांदा काही आलं नाही, दुसऱ्यांदा मालकीणबाई धावत आल्या की काय भाजलं म्हणून. म्हणजे आवाज आहे, फक्त माणसांसमोर निघायला हवा. ओळखीचं कुणी बाजूला असलं तर निघेल असं वाटतं. तुमची ड्युटी असेल तर हरकत नाही, मन मोठं करून मामींना पाठवा. तसं बघितलं तर मामीच आल्या तर जास्त बरं. त्यांचा आवाज चाळीस पावलं आरामात जातो.